चार बोटांवरची पट्टी

भुंगा शेवटचा स्वस्थ कधी बसला होता, हे गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. त्याच्या लग्नाच्या फोटोत सगळी माणसं ठळक आहेत आणि नवऱ्यामुलाच्या जागी एक पुसट ढग उभा आहे, असं त्याची बायको सांगायची. न्हावी त्याचे केस कापताना नुसती कात्री उघडून धरायचा. डोकं आपोआप सगळ्या बाजूंनी फिरून जायचं. पासष्टी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण बूड काही टेकेना. भुंगा हे नाव वडलांनीच ठेवलेलं. एक तर तोंडाने अखंड गुणगुण, आणि वर हाताला लागेल ते लाकूड पोखरायची खोड. पुढे तोच धंदा झाला. जुन्या गिटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता.

कान तर असा तिखट, की एकदा कुणीतरी दार ठोठावलं तेव्हा हा आतूनच म्हणाला, "दाराच्या खालच्या बिजागरीचा एक स्क्रू ढिला आहे, आणि तुमच्या डाव्या दाढेतही काहीतरी ढिलं आहे." बाहेर विजेचा मीटर बघायला आलेला माणूस होता. तो मीटर न बघताच थेट दंतवैद्याकडे गेला म्हणतात.

तर अशा माणसाच्या टेबलावर तीन महिन्यांपूर्वी एक गिटार आली, आणि होती नव्हती ती शांतीही गेली.

गिटार घेऊन आली पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. ती याच शहरात नोकरीला होती आणि आठवड्यातून एकदा काकूच्या हातचं जेवायला यायची. तिचे वडील, म्हणजे दादा, तीन तासांच्या अंतरावर राहायचे, पण बावीस वर्षांत त्यांनी या घराची पायरी चढलेली नव्हती. गिटार घोंगडीत गुंडाळलेली होती. घोंगडी सोडली आणि भुंगा चक्क एक क्षण हलायचा थांबला. बायकोने हातातलं काम टाकून ते पाहून घेतलं.

ती आबांनी केलेली गिटार होती. आबा म्हणजे या दोघा भावांचे वडील. छप्पन्न वर्षांपूर्वी त्यांनी ती याच खोलीत, याच टेबलावर केली. आबांच्या हाताखाली मोजपट्टी होती, पण ती पाठ खाजवायला. मोजायचं ते बोटांनी. कडेपासून दोन बोटं, भोकापासून चार बोटं, मानेची जाडी अंगठ्याच्या पेरापर्यंत. भुंग्याला याची पुढे पुढे लाज वाटायची. तो स्वतः पोलादी मापाने केसाच्या रुंदीचा फरक मोजायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोजून दाखवायचा.

गिटारीबरोबर एक चिठ्ठी होती. दादांच्या हातची. "लागलं तर उघड. आवाज बदलू नकोस."

बायकोने चिठ्ठी उलटी करून पाहिली. "ख्यालीखुशाली मागच्या बाजूला असेल," ती म्हणाली. मागची बाजू कोरी होती.

बावीस वर्षांपूर्वी आबा गेले तेव्हा भुंग्याकडे दुकान आणि हत्यारं आली आणि दादांनी फक्त ही गिटार मागितली. त्या दिवशी भुंगा बोलून गेला, "ज्याला वाकडं काय, सरळ काय कळत नाही, त्याने गिटार नेऊन करायचं काय?" दादांनी काही बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, गिटार काखेत मारली आणि ते निघून गेले. ते आजतागायत. आता तीच गिटार परत आली होती, आणि तिच्यासोबत तीन शब्दांची एक अट. भुंग्याला कळत होतं की हे तीन शब्द पाळले, तर दादा पुढचे तीन बोलतील. नाही पाळले, तर ही शेवटचीच चिठ्ठी.

त्याने जीव ओतला. गिटारीची दशा बघवत नव्हती. तारा बांधायची घोडी ताणाने उचकटून आली होती. पाठीच्या फळीला हातभर तडा गेला होता. मान पुढे झुकून तारा इतक्या उंच झाल्या होत्या की त्यांच्याखालून मांजर गेलं असतं. शिवाय कुण्या हौशी माणसाने लाखेच्या मूळ पॉलिशवर टेबलखुर्चीचं जाड वार्निश थापलं होतं. भुंग्याने ते वार्निश नखाएवढ्या पातीने, रोज तळहाताएवढं, खरवडून काढलं. पाठ सोडवायला बारीक सुरी वाफेवर तापवली, पाण्याचा एक थेंब, सुरी केसभर पुढे, पुन्हा एक थेंब. जुना सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला डिंक. तो ऊब दिली की आपणहून सुटतो, जबरदस्ती केली की लाकूड घेऊन सुटतो. तडा त्याने आतून शिसवाच्या चिमुकल्या टिकल्या लावून सांधला. त्या टिकल्या इतक्या पातळ होत्या की एक उडून बायकोच्या चष्म्यावर बसली आणि तिला दोन दिवस जग शिसवी दिसलं.

आणि आत, भोकाच्या खाली, त्याला ती पट्टी दिसली.

गिटारीच्या तोंडाच्या फळीला आतून आडव्या पट्ट्या असतात. फळी पातळ, ताण मोठा. पट्ट्या नसतील तर फळी पापडासारखी वाकेल. इथे पाच पट्ट्या होत्या. चार ओळीत, आखल्यासारख्या. पाचवी तिरकी. एका टोकाला भोकाच्या अगदी जवळ, दुसऱ्या टोकाला दूर. वर सरसाचे ओघळ, जणू मेणबत्ती विझवून ठेवली होती. एक टोक सुटलेलंही होतं.

"हे आबांचं काम नाही," भुंगा पुतणीला म्हणाला. "मध्ये कधीतरी उघडली असणार. कुठल्यातरी गाढवाने ही इथे चिकटवलीय. डोळे मिटून."

"गाढव कसं चिकटवेल काका, खूर असतात त्याला."

"म्हणून तर अशी चिकटवली."

त्याने ती पट्टी काढून टाकली. खालचा सरसाचा ठसा घासून साफ केला, कडेच्या जुन्या खाचा भरून टाकल्या, नवी पट्टी तासली. ती पट्टी पाहून सुताराने जीव द्यावा इतकी सरळ. पोलादी मापाने मोजून, बरोबर जागी, बरोबर काटकोनात बसवली. पाठ बंद केली, लाखेचं पॉलिश चढवलं. महिनाभर पॉलिशमध्ये बुडवलेली मऊ कापडाची पुरचुंडी गोल गोल फिरत राहिली. भुंग्याला बसून करता येण्यासारखं तेवढंच काम होतं आणि तेही तो उभ्याने करायचा.

शनिवारी दुपारी त्याने तारा चढवल्या. सूर लावला. वाजवली.

आवाज मोठा होता, स्वच्छ होता, गोड होता. कुणीही ऐकून मान डोलावली असती. भुंग्याने मात्र डोलावली नाही.

आबांच्या गिटारीची तिसरी तार नुसती छेडली, की सुराच्या आधी एक बारीक घोगरेपणा यायचा. आबा रागवायच्या आधी घसा खाकरायचे, हुबेहूब तसा. लहानपणी दोघे भाऊ तो सूर ऐकला की कुठेही असोत, ताठ बसायचे. घसा आबांनी खाकरला की तारेने, ते नंतर बघायचं. भुंग्याने तिसरी तार छेडली. पुन्हा छेडली. घोडी तपासली, खुंटी बदलली, तार बदलली. घसा कुठेच नव्हता. निर्मळ सूर, शाळेतल्या बक्षीस मिळवणाऱ्या मुलासारखा.

तेवढ्यात पुतणीचा फोन आला. "काका, उद्या चार वाजता बाबा स्वतः येतायत गिटार न्यायला."

"स्वतः? का?"

"काय माहीत. मी त्यांना मागेच ते गाढवाचं सांगितलं होतं, ते तेव्हापासून गप्प होते. आज म्हणाले, मीच जातो."

भुंग्याने फोन ठेवला आणि खोलीत येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. त्या दिवशी तो इतका चालला, की फरशीवर पायवाट पडली आणि शेजारच्यांनी खालून काही पाइप वगैरे फुटलाय का म्हणून चौकशी केली.

"अहो, पण चांगली वाजतेय की," बायको म्हणाली.

"तेच तर. आबांची गिटार चांगली वाजत नव्हती. आबांसारखी वाजत होती."

"मग ती गाढवाची पट्टी परत लावा."

ही गोष्ट त्यालाही सुचली होती, पण दुसऱ्याने बोलल्यावरच ती खरी झाली. रविवारी उजाडताच त्याने पट्टी शोधायला घेतली. भंगाराची पेटी पालथी केली. तीत तीन गिटारींच्या माना, एक चमचा आणि हरवलेलं वाचायचं भिंग निघालं, पट्टी नाही. मग आठवलं, की भुसा आणि ढलप्या दर आठवड्याला कोपऱ्यावरची फुलवाली कुंड्या भरायला नेते. तो चपला उलटसुलट घालून तिच्या दुकानात गेला आणि भुशाच्या गोणीत खांद्यापर्यंत शिरला.

"काय हरवलं?" फुलवालीने विचारलं.

"एक वाकडी पट्टी."

"वाकडी हवी असेल तर माझ्याकडे पुष्कळ आहेत."

"मला एकच वाकडी हवीय."

तो भुशाने माखून परत आला, तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. खिडकीतून छान वारा येत होता. भुंगा पाणी प्यायला आत गेला, पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. ती खिडकी वर सरकवून उघडायच्या प्रकारची होती, तिला वर धरून ठेवणारी कडी पूर्वीच तुटलेली. खिडकीच्या फटीत, काटकोनाशी काडीमात्र संबंध नसलेली, एक तिरकी लाकडी पट्टी उभी होती.

"ही इथे कधीपासून आहे?"

"महिना झाला की. तुमच्या नाकासमोर आहे रोज," बायको म्हणाली. "लांबीला अगदी नेमकी बसली, म्हणून उचलली."

त्याने पट्टी ओढली. खिडकी धाडकन खाली आली.

दुपारी एकपर्यंत गिटारीची पाठ दुसऱ्यांदा उघडलेली होती. नवी, सरळ, देखणी पट्टी निघाली. पण आता जुनी बसवायची कुठे? ठसा तर त्याने आपल्याच हाताने घासून काढलेला, खाचाही बुजवलेल्या. तिरकी होती हे आठवत होतं. किती तिरकी, हे नाही. उजवं टोक वर की डावं, तेही नाही. तांदळाच्या दाण्याएवढा फरक पडला तरी घसा दुसऱ्याच कुणाचा तरी लागला असता. पोलादी माप घेऊन तो पट्टी वर करत होता, खाली करत होता, सरळ करत होता. सरळ ती बसतच नव्हती. त्याने कागदावर सतरा आकृत्या काढल्या. अठरावी काढताना दाराशी पावलं वाजली. चार वाजले होते.

दादा आत आले. सत्तरीचे, पांढरे, हातात नुसती छत्री. मागे पुतणी. टेबलावर गिटार पोट फाडलेल्या माशासारखी पडली होती, आणि भुंगा हातात पट्टी घेऊन उभा होता, जणू मास्तरांनी छडी त्याच्याच हातात देऊन उभं केलं होतं.

बावीस वर्षांनी दादांनी पहिला शब्द काढला तो पट्टीकडे बघून. "हीच का ती गाढवाची?"

भुंग्याने पुतणीकडे पाहिलं. पुतणीने छताकडे पाहिलं.

खोटं बोलायला जागा होती. म्हणता आलं असतं, की अजून काम चालू आहे, आवाजाला हात लावलेला नाही, पुढच्या महिन्यात ये. ती वाक्यं त्याच्या जिभेवर रांगेत उभी होती.

"दादा, मी आवाज बदलला," तो म्हणाला. "आबांचा घसा गेला. ही पट्टी मी काढली, आणि आता परत कुठे बसवायची ते मला कळत नाहीये."

दादा खुर्ची ओढून बसले. छत्री गुडघ्यात धरली. गिटारीच्या मानेवरून, घोडीवरून, पाठीच्या सांधलेल्या तड्यावरून हात फिरवला. तडा बोटांना सापडला नाही, म्हणून पुन्हा फिरवला.

"बाकी काम झकास केलंस," ते म्हणाले. "आता सांग, ते गाढव कोण, आठवतं?"

"आबांकडे कुणी कामाला असेल तेव्हा."

"नऊ वर्षांचं होतं. पुढचे दोन दात पडलेलं."

भुंग्याची गुणगुण बंद झाली. घड्याळ चालू आहे हे बायकोला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

"आबा लाकूड आणायला गेले होते," दादा सांगू लागले. "जाताना म्हणाले, भोकापासून चार बोटं सोडून दोन्हीकडे खूण करून ठेवा, पट्टी मी आल्यावर बसवतो. सरस तापत होता. तुला धीर कुठला? डाव्या बाजूला तू तुझी चार बोटं ठेवलीस, उजव्या बाजूला मला माझी ठेवायला लावलीस. मी चौदाचा, माझा पंजा तेव्हाच एवढा होता. रेघ तिरकी आली, तर म्हणालास, दादा, तू वाकडा बसलायस म्हणून तशी दिसते. आणि दिलीस चिकटवून. तू लगेच खेळायला पळालास, मी शहाणा, दोन तास दाबून धरून बसलो."

"आणि आबा?"

"आबा आले तोवर सरसाने पकडलं होतं. मला वाटलं आता कानाखाली बसते. पण त्यांनी फळीवर बोटाने ठोकलं, कान लावला, परत ठोकलं. मग म्हणाले, बसलीय तर बसू दे. ओघळसुद्धा पुसू दिले नाहीत."

"मग ती वाकडी बसली हे मला कुणी का सांगितलं नाही?"

"आबांनी बजावलं होतं. म्हणाले, भुंग्याला कळलं, तर तो उठून ती सरळ केल्याशिवाय राहायचा नाही."

पुतणीने तोंडावर ओढणी धरली. ती हसत होती की काय, कळायला मार्ग नव्हता.

"छप्पन्न वर्षं लागली," दादा म्हणाले, "पण केलीसच."

भुंगा टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकून उभा होता. "दादा, त्या दिवशी मी तुला म्हणालो होतो..."

"वाकडं-सरळ कळत नाही म्हणून. आठवतंय की. सांगून टाकणारच होतो मी, तोंड उघडलंही होतं. पण शब्द दिला होता आबांना. आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर बोललो असतो, म्हणून निघालो."

"बावीस वर्षं?"

"आधी शब्द होता. मग राग होता. मग सवय झाली." दादांनी छत्री बाजूला ठेवली. "आता पट्टी बसवणार आहेस का नुसता उभा राहणार आहेस? माझी चार बोटं इथेच आहेत. तुझी नऊ वर्षांची कुठून आणायची ते बघ."

भुंग्याने आपला पंजा पाहिला. सरसाने, पटाशीने, पन्नास वर्षांच्या कामाने तो फावड्याएवढा झाला होता. दादांनी लेकीला खूण केली. "हिचा हात बघ. लहानखुरा आहे, आणि करंगळी तुझ्यासारखी आखूड. माझ्या घरात ही करंगळी कुठून आली म्हणून हिची आई अजून विचारते."

पुतणीने चार बोटं भोकाच्या डाव्या बाजूला टेकवली. दादांनी उजव्या बाजूला आपली. भुंग्याने पोलादी माप खिशात घातलं, पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि पट्टी त्यावर ठेवली. दोन्ही टोकं गिटारीच्या कडांना जाऊन अशी भिडली, की बारीक टक् असा आवाज झाला. दुपारपासून कुठेच न बसलेली पट्टी आता उचलायची म्हटली तरी नखाला जागा देईना.

"लांबीला अगदी नेमकी बसते ती," दारातून बायको म्हणाली. "मी सांगितलंच होतं."

सरस तापला. दोघा भावांनी मिळून पट्टी दाबून धरली. दाबून धरायचे शिकंजे होते, चांगले बारा होते, भिंतीवर ओळीत टांगलेले; त्यांची आठवण दोघांपैकी कुणालाच झाली नाही.

"कधी सुकेल?" दादांनी विचारलं.

"पट्टीला एक दिवस. पाठ बंद केल्यावर आणखी एक. मग तारा."

"मी कपडे आणलेले नाहीत."

"यांचा पायजमा देते," बायको म्हणाली. "पोटऱ्यांपर्यंत येईल. तेवढ्या काळात माझ्या खिडकीला काहीतरी टेकू द्या, वाफेने जीव चाललाय."

भुंग्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ती नवी, काटकोनातली, केसाच्या रुंदीपर्यंत मोजलेली पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती फटीत लावून पाहिली, दोनदा घसरली, खाली कागदाची घडी घालावी लागली.

"चालेल," ती म्हणाली. "पण आधीची बरी होती."

ते तीन दिवस घरात दोन माणसं येरझाऱ्या घालत होती, कारण दादाही काही कमी नव्हते. फक्त आजवर त्यांना बरोबरीचं कुणी भेटलं नव्हतं. समोरासमोर आले की एक डावीकडून जायचा, एक उजवीकडून. बुधवारी सकाळी भुंग्याने तारा चढवल्या, सूर लावला आणि गिटार दादांच्या मांडीवर दिली. स्वतः समोरच्या स्टुलावर टेकला, कडेवर, उठायच्या तयारीत.

दादांनी तिसरी तार छेडली. सुराच्या आधी कुणीतरी घसा खाकरला.

दोघेही ताठ बसले. सूर विरून गेला, तार थांबली, खिडकीतली पट्टी एकदा घसरून पडली, तरी भुंगा तसाच बसून होता. बायको फोटो काढायला धावली, आणि त्या फोटोत तो अगदी ठळक आलाय.